मिश्रीची डबी

सिगारेट सोडल्यापासून योगेंद्र स्टेशनसमोरच्या टपरीवर नुसता चहा प्यायचा. टपरीवाला हितेशभाई पान लावता लावता चिडवायचा, "योगी, सिगरेट छोड़के कोई बाप बना है क्या?" योगेंद्र हसण्यावारी न्यायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, हे डॉक्टर मॅडमनी त्याला चित्र काढून समजावलं होतं. तेवढ्या काळात त्याने एकही झुरका घेतला नव्हता. बीअर बंद, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणंही बंद.

म्हणूनच केबिन रोडवरच्या दवाखान्यात नवा रिपोर्ट हातात आला, तेव्हा त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा दिला. शुक्राणूंची संख्या होती तेवढीच कमी. हालचाल तर आणखी मंदावलेली.

शेजारी त्याची बायको सलोनी पोटावर ओढणी धरून बसली होती. तिची इंजेक्शनं सुरू होती, पोटावर निळे डाग पडले होते. तिची स्त्रीबीजं झपाट्याने कमी होत होती. सोमवारी मिळतील तेवढी काढायची, त्याच दिवशी योगेंद्रचं सॅम्पल घेऊन लॅबमध्ये फलित करायची, पुन्हा संधी मिळेलसं वाटत नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

"तंबाखू?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"नाही हो मॅडम. आईशप्पथ."

मॅडम त्याच्या बोटाकडे बघत होत्या. नखाच्या कडेला काळी रेघ होती.

"दात कशाने घासता?"

"मिश्रीने," तो सहज म्हणाला. "लहानपणापासून. आमच्यात सगळेच लावतात."

"मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच ना?"

योगेंद्र मनात मोजू लागला. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झोपताना. सिगारेट सुटल्यावर तर डबी ऑफिसलाही यायला लागली होती. पण दात घासण्याला कोण व्यसन म्हणतं?

"एवढ्यानेच झालं असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं."

सलोनीने रिपोर्टची घडी करून पर्समध्ये टाकली.

रिक्षाने जेसल पार्कला घरी पोचले तर जिन्यातच जळका वास. घरात त्याची आई, पुष्पलता, तव्यावर तंबाखू भाजत होती.

"काय म्हनला डॉक्टर?" तिने मान वर न करता विचारलं. "हिच्यात आनखी काय निघालं?"

"तिच्यात न्हाय, आई. माझ्यात हाय. या मिश्रीनं पन असंल."

"कायतरीच तुझं. तुज्या बापानं जलमभर लावली. तू झालास नं?"

तिने आधीच कुटून ठेवलेली मिश्री डबीत भरली आणि नेहमीसारखी त्याच्या हातात दिली. डबी अजून कोमट होती. तो ती घेऊन बाथरूममध्ये गेला, सगळी संडासात ओतली आणि काळं पाणी जाईपर्यंत फ्लश दाबत राहिला.

बाहेर आला तेव्हा सलोनी फ्रीजमधून संध्याकाळचं इंजेक्शन काढत होती.

"टाकली सगळी," तो म्हणाला. "आजपासून बंद."

"बरं केलंस." तिने सुई उजेडात धरून हवा काढली. "तुझ्या सोमवारच्या सॅम्पलमध्ये मात्र तीन महिन्यांची मिश्री आहेच."

मग तिने कुर्ता वर केला आणि पोटावर निळी न पडलेली जागा शोधू लागली. स्वयंपाकघरात आईने तव्यावर दुसरा घाणा टाकला होता.