उघडी खिडकी आणि पेरेट

हट्टीपणा माझ्या रक्तातच. त्यातून मी तेव्हा बावीस वर्षांचा, आणि कॅथलिकांच्या फ्रान्समधला प्रोटेस्टंट, म्हणजे हट्ट दुप्पट. तिथल्या कॅथलिक सुभेदाराने माझ्या भावाला धर्मापायी भरचौकात जाळलं होतं. मी त्याला गोळी घालणार होतो.

त्यासाठी मी कॅथलिक असल्याची थाप मारून पेरेट नावाच्या विधवा धोबिणीची माडी भाड्याने घेतली. कॅथलिक लोक जिला ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या पवित्र भाकरीच्या मिरवणुकीत सुभेदार खालूनच चालत जाणार होता. त्या दिवशी कॅथलिक लोक खिडक्याखिडक्यांतून स्वच्छ चादरी सोडतात. पेरेटने सकाळीच एक माझ्या हातात दिली. मी ती कोपऱ्यात भिरकावली. भाकरीच्या तुकड्यासाठी चादर? छे! माणूस मारायला माझं मन तयार होतं, चादर टांगायला नव्हतं. असा मी शहाणा.

मिरवणुकीची घंटा जवळ आली. मी बंदुकीची जामगी, म्हणजे बार उडवायची वात, पेटवली, तेवढ्यात खालून शिपाई ओरडला, "ए, ती बिनचादरीची उघडी खिडकी कुणाची?"

पेरेट धापा टाकत वर आली. तिने बंदूक पाहिली. तिने जळती जामगी बोटांनी चिरडून विझवली, बंदूक धुण्याच्या ढिगात खुपसली, चादर बाहेर सोडली आणि माझी मानगूट धरून मला गुडघ्यांवर बसवलं.

शिपाई दारात आला. "कोण हा? आणि जळकट वास कसला?"

"बहिणीचा पोरगा. चादर टांग म्हटलं तर झोपला मेला! वास इस्त्रीचा हो. ही बघा, बोटं भाजून घेतली."

शिपाई हसत निघून गेला.

"मावशी, मला का वाचवलंत?"

"गप. त्या पेटीत माझ्या धाकट्याचे कपडे आहेत. घाल, मिरवणुकीत मिसळ आणि वेशीबाहेर पड."

"पण त्याला लागतील ना?"

"त्याला तुमच्या लोकांनी विहिरीत टाकला. दोन वर्षं झाली." ती बोटांना लोणी चोळत होती. "आता कुणाचंच पोर जायला नको बाबा. नीघ."

सदरा मला खांद्यात सैल होता. तो घालून मी जिवंत बाहेर पडलो. पुढे चाळीस वर्षं जगलो, संसार केला, चार लेकरं वाढवली, आणि माझ्या हातून कुणाचं रक्त सांडलं नाही. हे सगळं त्या बाईचं देणं. रोजच्या प्रार्थनेत मी देवाच्याही आधी पेरेटचं नाव घेतो. आमचे पाद्री चिडतात. चिडू देत.