सलूनमधली कॉफीबंदी

औषधवाल्याच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका उमटला तेव्हा बाबा म्हणाले, "तूच हललास." औषधवाला भला माणूस. "हललो असेन," म्हणाला आणि तुरटी लावून घेतली. पण शेजारच्या खुर्चीवर केस कापणाऱ्या लेकीने सगळं आरशात पाहिलं होतं. औषधवाला मुळीच हलला नव्हता. हलला होता तो बाबांचा वस्तऱ्याचा हात.

सलून दोघांचं असलं तरी नाव बाबांचं होतं. दाढी करायचं यंत्र काय, आता घरोघरी असतं. तरीही माणसं लांबून यायची ती या हातासाठी. तो हात गेला तर बाबांनी दिवसभर करायचं काय? भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं?

मग आरशाखालच्या कपावर तिची नजर गेली आणि तिच्या जिवात जीव आला. कॉफी! अहो, हा माणूस उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत काळी कढत कॉफी ढोसत होता. गिऱ्हाईक आलं की कॉफी, गेलं की कॉफी, कुणी फिरकलंच नाही तर वाट बघता बघता कॉफी. हात थरथरेल नाहीतर काय होईल?

"उद्यापासून कॉफी बंद," तिने जाहीर केलं.

"कुणाची?"

"तुमची. थेंबसुद्धा मिळणार नाही."

असल्या विषयावर गप्प बसेल ते सलूनमधलं गिऱ्हाईक कसलं? बाकावर पेपर वाचत बसलेले निवृत्त मास्तर लगेच सरसावले. "योग्य बोललीस. मी संध्याकाळी एक कप घेतला तरी रात्रभर छत बघत पडतो. आणि पित्त खवळतं ते वेगळंच."

"मास्तर, अर्धंच नका सांगू," औषधवाला हनुवटीवर कापूस धरून म्हणाला. "बेताने घेतली तर यकृताला चांगली म्हणतात. कॉफी पिणाऱ्यांत मधुमेहही कमी दिसतो. अति झाली की मात्र छातीत धडधड, हाताला कंप. हळूहळू कमी करा, काका. एकदम तोडलीत तर डोकं धरून बसाल."

एवढ्या सगळ्यातलं लेकीने उचललं फक्त 'हाताला कंप'. हळूहळू वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. तिने कॉफीचा डबा आणि किटली आपल्या पिशवीत कोंबली. कोपऱ्यावरच्या कॉफीवालीलाही जाऊन दम भरला, "बाबांना कप दिलास तर गाठ माझ्याशी आहे!" त्या दिवसापासून सगळे तिला फौजदार म्हणायला लागले. म्हणेनात का!

औषधवाल्याचं बोलणं खरं ठरलं. बाबांचं डोकं असं ठणकायला लागलं, की कपाळाला रुमाल बांधून ते रिकाम्या खुर्चीत बसून राहिले. रेडिओवर खेकसले. मास्तरांना म्हणाले, "केस आहेत किती आणि बडबड किती!" मास्तर रागाने तरातरा निघून गेले. पण केस अर्धेच कापून झालेले, त्यामुळे टोपी घालून थोड्या वेळाने मुकाट परत आले.

बाबांचा तो उतरलेला चेहरा बघून लेकीला भडभडून यायचं. एकदा तर तिचा हात पिशवीतल्या डब्यापर्यंत गेला. पण नाही म्हणजे नाही. हात वाचवायचा तर एवढं सोसायलाच हवं, असं तिने स्वतःला बजावलं. सगळ्या दाढ्या तिनेच अंगावर घेतल्या आणि विचारणाऱ्याला सांगितलं, बाबांना सर्दी झालीय.

हळूहळू डोकेदुखी गेली. छातीतली जळजळ थांबली. "झोप मात्र छान लागते गं, हे मान्य," बाबा एका सकाळी म्हणाले, आणि फौजदारबाईंना आकाश ठेंगणं झालं.

त्याच दिवशी मास्तर दाढीला आले आणि रुसवा विसरून थेट बाबांच्या खुर्चीत बसले. बाबांनी फेस लावला. वस्तरा उघडला. लेक हातात कंगवा धरून उभीच राहिली.

पातं मास्तरांच्या कानाशी आलं आणि थरथरलं. चांगलं दिसण्याइतकं थरथरलं. बाबांनी ते तिथेच थांबवलं, पुसलं, मिटलं.

"मास्तर, आज लेक करेल."

तिने केली. दात-ओठ आवळून केली आणि कुठे ओरखडाही उठू दिला नाही. दाढी होताच मास्तर पेपर न उघडताच निघून गेले.

"अजून थोडे दिवस जाऊ देत," ती घाईघाईने म्हणाली. "इतक्या वर्षांची कॉफी अंगात मुरलीय, ती एवढ्यात कशी..."

"कॉफीचा काही दोष नाही गं." बाबा खुर्चीत टेकले. "सकाळी पहिला कप घ्यायच्या आधीच हलायचा हा हात. बरेच महिने बघतोय मी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हे डोकं धरून बसणं कशासाठी? मला आधीच सांगायला काय झालं होतं?"

"तू इतक्या खात्रीने म्हणालीस. वाटलं, पोरीचं खरं निघालं तर? कॉफीच निघाली असती तर किती बरं झालं असतं."

तिला रडू आलं. तिने ते दुकानातल्याच टॉवेलने पुसलं आणि टॉवेल धुण्यात फेकला.

"उठा. डॉक्टरकडे जायचं. आत्ता."

"अगं, दुपारची गिऱ्हाइकं..."

"गेली खड्ड्यात."

बाबा उठले, पण पाय निघेना. "आणि तो म्हणाला वस्तरा सोडा, तर?"

"तर सोडायचा! कॉफी सोडलीत की नाही?"

"कॉफी पुन्हा सुरू करता येते गं."

तिने दिवे मालवले, दाराला कुलूप घातलं आणि त्यांचा तो हात आपल्या हातात घट्ट धरून चालायला लागली.

"जरा हळू चाल," बाबा म्हणाले.

ती हळू चालली नाही.