उभं राहण्याचं कडवं

“हे कडवं बदल,” मी ब्रेंटला म्हटलं.

गिटारची खुंटी पिळत तो नुसता हसला. आमच्या चर्चच्या रॉक बँडचा तो म्होरक्या, आणि गाणंही त्यानंच रचलेलं. ‘जो मागे पाहत नाही, जळत्या दारात शिरतो, तोच प्रभूचा वीर.’ दर मे महिन्यात एका रविवारी हे कडवं लागलं की फौजी, पोलीस, अग्निशामक दलाची पोरं बाकांवरून उभी राहतात आणि सगळं गाव टाळ्या पिटतं. माझा नवरा रॉयस त्या अग्निशामक दलाचा कॅप्टन होता. तो बसून राहतो.

“नेडीनबाई, लोकांना आवडतं हो. अंगावर काटा येतो.”

“येणारच. जळायला दुसऱ्याचं अंग आहे ना.”

“रॉयसकाकांबद्दल नाहीये ते.”

“मग कोणाबद्दल आहे? अख्ख्या गावात जळतं दार एकच होतं.”

तो पुन्हा खुंटी पिळू लागला. पशुखाद्याच्या गोदामाला आग लागली तेव्हा म्हातारा ओटिस आत अडकला होता. रॉयसच्या दलातली पोरं, कोल्बी, लायल आणि ट्रॅव्हिस, आत घुसायला निघाली. रॉयस दारात आडवा उभा राहिला. कोल्बीच्या तर त्यानं कानफटात मारली. पोरांना ओटिसच्या हाका ऐकू येत होत्या, रॉयसला वरच्या तुळया कडकडतानाही ऐकू येत होत्या. पोरं त्याला शिव्या घालत असतानाच छप्पर खाली आलं. ओटिस गेला. आणि गावानं ठरवून टाकलं, कॅप्टनची तंतरली.

“येशूनं जीव दिला, नेडीनबाई,” ब्रेंट हळूच म्हणाला.

“स्वतःचा दिला. आपल्या शिष्याचा, पेत्राचा नाही दिला. बागेत शिपाई त्याला धरायला आले तेव्हा काय म्हणाला तो? माझ्या माणसांना जाऊ द्या म्हणाला. ती गिटार ठेव खाली आणि बायबल उघड.”

कडवं काही बदललं नाही. रविवारी ड्रम असे बडवले की खिडक्यांची तावदानं थरथरली. “वीरांनो, उभे राहा,” ब्रेंट माईकवर ओरडला. माझ्याकडे पाहायची मात्र त्याची छाती झाली नाही. ते तिघं उठले. इस्त्रीचे गणवेश, लायलच्या कडेवर त्याची लेक. लोकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. माईक हिसकावून सगळं ओकून टाकायचं म्हणून मी उठले, तर रॉयसनं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

तो त्या तिघांकडेच बघत होता, एकेकाकडे, सावकाश.

“ट्रॅव्हिसचं पोट सुटलंय बघ,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “बटणं लागत नाहीयेत त्याची.”

मग माझं मनगट सोडून तो टाळ्या वाजवू लागला. मी नाही वाजवल्या.