बुऱ्हाणपुरातली शंभर टक्के हजेरी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अकोल्याच्या तहसील कार्यालयात मोनालीचा अधिवास दाखल्याचा अर्ज अडला. अडवणारा कागद तिच्या वडिलांनीच जोडला होता, लॅमिनेशन करून.

सहदेव फुलांचे व्यापारी. अर्ज भक्कम दिसावा म्हणून त्यांनी मुलीची झाडून सगळी प्रशस्तिपत्रं फाइलीला लावली. त्यातलं एक बुऱ्हाणपूरच्या शाळेचं होतं : इयत्ता नववी, शंभर टक्के हजेरी.

"पोरगी नववीत मध्य प्रदेशात होती?" कारकून कौशल्याबाईंनी विचारलं.

"नाही ओ बाई, इथंच होती. ते तिच्या मामाची शाळा हाये. पट कमी पडे, तपासणीले साहेब येनार होते. मामानं भाचीचं नाव मांगतलं. मामाले नाही कसं म्हनाव?"

कौशल्याबाईंनी अकोल्याच्या शाळेचं प्रगतिपुस्तक उघडलं. "इथं त्याच वर्षी काविळीनं वीस दिवस गैरहजर. तिथं एक खाडा नाही!"

"तिथं तब्येत चांगली राहे तिची," सहदेव म्हणाले.

"बाबा, तुमी आता बोलू नका," मोनाली म्हणाली.

दहावी-बारावी इथलीच असली, तरी मेडिकल प्रवेशाच्या राज्याच्या यादीसाठी सलग दहा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा हा दाखला लागतो. अमरावतीत दोन वर्षं क्लास करून मिळवलेले तिचे गुण त्या यादीत सरकारी कॉलेजला जेमतेम पुरतात. देशाच्या यादीत पुरत नाहीत. प्रवेशाच्या कागदपत्रांची तपासणी शुक्रवारी होती.

मुलगी तिथे कधीच शिकली नाही, असं शाळेनं लिहून द्यावं, गुरुवारी पावणेसहापर्यंत, असं कौशल्याबाईंनी सांगितलं.

घरी येऊन मोनालीच्या आईने, मंजुषाबाईंनी, भावाला फोन लावला.

"लिहून देतो ताई," ओमप्रकाशमामा म्हणाले, "पन साहेब इचारतीन, मंग हजेरी कोनाची लावली? माही शाळाच बंद होईन."

"अन् पोरीची डाक्टरकी? शंभर टक्के काहून देल्ली तिले? येखांद्या दिवशी तरी बिमार पाडाची होती!"

"बक्षीस द्याले दुसरं कोनी नव्हतं, ताई. बाकीच्यायचे खाडे होते. ते खरंच येत होते."

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मामांची बस अकोल्यापासून तास-सव्वा तासावरच्या अकोटला पोहोचली. पत्र खिशात आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सही केली का, असं मंजुषाबाईंनी विचारल्यावर म्हणाले, "तिथं आल्यावर पाहू." त्यानंतर त्यांचा फोन लागलेला नाही. सहदेव आणि मोनाली तहसीलच्या खिडकीसमोर उभे आहेत. खिडकी अजून उघडी आहे.