चांगोची वाघर

आमच्या गावात माणूस आहे की नाही, हे पाटलाला विचारून कळत नसे. ते कळायचं रानडुकराच्या वाट्यावरून.

गाव कडावच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. भातात दाणा भरला की डुकरं रानातून उतरत आणि उभ्या शेताची पार वाट लावत. मग गावचे गडी ओहोळाच्या तोंडाशी वाघरी बांधत. वाघर म्हणजे अंबाडीच्या दोराचं जाळं. ज्याची त्यानं विणायची, शेजारच्याच्या वाघरीला जोडायची, आणि हाकारे डुक्कर घेऊन येईपर्यंत झुडपाआड श्वास रोखून बसायचं. डुक्कर पडलं की पेंढ्याच्या जाळावर त्याचे केस भाजत, तुकडे करत आणि पळसाच्या पानांवर वाटे मांडत. ज्याची वाघर रांगेत, त्याला वाटा. वाटे करणारा भिवाजी एकेक नाव पुकारी, त्या घरचं कुणीतरी "हाय" म्हणे आणि पान उचली. घरधनी मेला की त्याचं नाव पुकारत नसत. त्याची वाघर भावाच्या नाहीतर मुलाच्या नावावर जाई. रडारड आधीच होऊन गेलेली असायची, पण माणूस खरा जायचा तो त्या दिवशी.

चांगोला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण चांगो अजून गेला नव्हता.

बोरघाटात रेल चढवायचं काम निघालं तेव्हा तो पाट्या उचलायला गेला. गावातले पुष्कळ गेले होते. घाट पुरा झाल्यावर जगले-वाचले ते परत आले. चांगोला मात्र मुकादम पुढं घेऊन गेला, आणि खरं सांगायचं तर चांगोच्या पायाला आधीपासूनच भिंगरी होती. पुणं, सोलापूर, जिकडं रूळ तिकडं हा. घाटातल्या ठाकुरवाडीला रेलच्या कामावर येणाऱ्या माणसांकडून अधूनमधून निरोप यायचा. शेवटचा आला तो रायचुराकडून, आणि तोही काय, तर "माझी वाघर बांधत जा." बायको कशी आहेस, हे विचारायला त्याला सुचलं नाही.

पण मोतीबाईला तेवढा निरोप पुरला. तिला मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे नव्हते. भादव्यात ती उंबऱ्यात वाघर घेऊन बसे, उंदरांनी कुरतडलेले दोर काढी, नवे घाली. हात गाठी मारत असत आणि मनातल्या मनात ती चांगोशी कडाकडा भांडत असे. मग वाट्याच्या दिवशी भिवाजी पुकारी, "चांगो!" भिवाजी त्याचा थोरला भाऊ. हे नाव तो बाकीच्या नावांपेक्षा मोठ्यानं घेई. मोतीबाई पदर सावरून म्हणे, "हाय." त्या एका शब्दापुरता चांगो तिच्या शेजारी येऊन उभा राही, अंगाला घामाचा वास मारत. तो वास तिला वर्षभर पुरवायचा असे.

तो वाटा ती निगुतीनं शिजवी, झाकून ठेवी आणि दिवस कलला की भिवाजीच्या पोरांना नेऊन देई. नवऱ्याच्या वाट्याचं नवऱ्याआधी कसं खायचं?

त्या वर्षी सुळ्यांचा एक दांडगा नर आला. दोन हाकाऱ्यांना त्यानं झाडावर चढवलं आणि सरळ ओहोळात घुसला, तो पडला चांगोच्या वाघरीत. काय धडक दिली असेल! पण वाघर तुटली नाही. गड्यांनी भाल्यांनी त्याचा निकाल लावला आणि एकच ओरडा केला. ओरडा थांबल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

कारण ज्याच्या वाघरीत डुक्कर पडेल, मुंडक्याचा मान त्याचा. तिथं घरच्या कुणीही "हाय" म्हणून भागत नसे. वाघरीच्या धन्यानं यायचं, स्वतःच्या हातानं वाघर सोडायची आणि मुंडकं दोन्ही हातांवर घ्यायचं.

"बोलवा आता चांगोला रायचुराहून," लडकू म्हणाला. हा लडकू तोंडाचा फाटका, पण बोलतो ते बहुधा खरं असतं, म्हणून जास्तच राग येतो.

चार जण हसले. भिवाजी हसला नाही.

"हसण्यावारी नेऊ नका रं," लडकू म्हणाला. "भिवाजी, तू भाऊ हायस. तू सोड वाघर, तू घे मुंडकं. नायतर काढा ती वाघर रांगेतनं. बिनधन्याचं जाळं किती वर्सं बांधायचं आमी?"

भिवाजीच्या हातात सुरा होता. मुंडकं घेतलं तर भाऊ मेला, आणि तो आपल्याच हातांनी.

"मी नाय घेत," तो म्हणाला. "चांगो यील."

"कवा?"

बायका बाजूला उंबराखाली बसल्या होत्या. त्यांतून मोतीबाई उठली आणि वाघरीपाशी जाऊन उकिडवी बसली. लोकांना वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. ती गाठी बघत होती. चांगो डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची, सगळ्या गावात तशी गाठ कुणाची नव्हती. ती एक उलटी गाठ शोधत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं वाघर चाचपली, रक्तानं माखलेले दोर पदराला पुसून बघितले. सगळ्या गाठी सरळ होत्या. सगळ्या तिच्या होत्या. उंदरांनी आणि पावसानं त्याला कधीच नेलं होतं, आणि ती दर भादव्यात आपल्याच गाठींशी भांडत बसली होती.

"ही वाघर माझी हाय," ती म्हणाली.

"मोती, काय बोलतीस गं?" भिवाजी म्हणाला. "कळतंय का तुला?"

"कळतंय, भावजी."

"मंग चांगो?"

तिनं पहिली गाठ सोडायला घेतली. कुणाला हात लावू दिला नाही.

"बाईच्या हातात मुंडकं?" लडकू म्हणाला. "असं कुठं आयकलंय का?"

"गप रं!" भिवाजी ओरडला. वाघर सुटली तशी त्यानं सुऱ्यानं मुंडकं वेगळं केलं आणि तिच्या हातांवर ठेवलं. तिला ते पेलेना, पण तिनं खाली ठेवलं नाही.

वाटे मांडून झाले. भिवाजी नावं पुकारत गेला. चांगोच्या जागी आला आणि त्यानं पानाची कड सरळ केली. शेवटी हळूच म्हणाला, "मोती."

"हाय," ती म्हणाली. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. मातीच्या तवलीत मांस टाकलं, त्याच्याच चरबीत ते परतलं, भाजलेल्या खोबऱ्याचं, लसणाचं आणि लाल मिरचीचं वाटण घातलं. मग सवयीनं हात वाळवलेल्या कैरीच्या, आंबोशीच्या मडक्यात गेला. चांगोला सागुती दात आंबतील इतकी आंबट लागे. तिला स्वतःला ती कधीच आवडली नव्हती. तिनं हात रिकामाच बाहेर काढला.

भाकऱ्या होईपर्यंत भिवाजी न बोलावता येऊन ओट्यावर बसला. तिनं त्याला वाढलं. त्यानं एक घास घेतला, चावला, आणि तिच्याकडं बघितलं.

"आंबट नाय केलीस? चांगोला तर आंबट लागते."

"लागायची," मोतीबाई म्हणाली.

भिवाजीनं पुढचा घास तसाच हातात धरला आणि रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. तिलाही चांगो हवा होता, आत्ता, या ओट्यावर, भावाच्या मांडीला मांडी लावून बसलेला. पण सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं आपलं पान वाढून घेतलं आणि थोरल्या दिराच्या समोरच बसून जेवायला लागली.