चार नंबरचा फ्रीझर

"मावशी, चार नंबरचा फ्रीझर रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोण उघडतं?"

देवयानीने लॅपटॉप नीलाताईंच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर उणे ऐंशी अंशांची सरळ रेघ होती आणि त्या रेघेला रोज एक बारीकसा दात फुटलेला होता. सोमवारी, मंगळवारी, शनिवार-रविवारीसुद्धा.

"मीच," नीलाताई म्हणाल्या. "दाराचं रबर तपासते."

"सहा वर्षं? थँक्सगिव्हिंगलासुद्धा?"

"अगं, रबरच ते. नजर हटली की दगा देतं."

देवयानी हसली. ती मूळची नागपूरची, इथे तीन वर्षांपासून संशोधन करत होती. नीलाताईंचा शब्द खोटा असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिच्याच कशाला, त्या इमारतीत कुणाच्याच आलं नसतं.

नीला सबनीस, वय एकसष्ट. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका लहानशा संशोधन संस्थेच्या तळघरात बावीस वर्षं काम. हाताखाली नऊ फ्रीझर. रुग्णांचं रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, असलं काय काय करंगळीएवढ्या नळ्यांत भरून गोठवायचं, नंबर चिकटवायचे, आणि जगात जिथून मागणी येईल तिथे सुक्या बर्फात बांधून पाठवायचं. वर बसणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं छापून यायची, बाईंचं नाव फक्त खोक्यावर असायचं. पण नवीन मुलं आली की आधी त्यांच्यापुढे उभी राहायची, आणि पहिला धडा ठरलेला.

"नळी मुठीत धरायची नाही. टोपणापाशी चिमटीत धरायची. मूठ म्हणजे चूल. एकदा वितळलं आणि पुन्हा गोठवलं की दिसायला तेच दिसतं, पण आतून गेलेलं असतं. समजलं?"

पीएचडीवाले घोडेसुद्धा माना डोलवायचे.

"बरं, आता खरं काम," देवयानी म्हणाली. "हॉलंडहून आनेकाचा मेल आलाय. त्यांचा तो अकरा देशांचा ग्रुप आहे ना, मोटर न्यूरॉनवाला, त्यांना आपले सगळे सॅम्पल्स हवेत. सगळे म्हणजे सगळे. त्यांनी नवीन मेथड काढलीय, दोन थेंबांत काम होतं. म्हणजे तुम्ही ज्यांच्यापुढे 'अपुरा' लिहिता ना, तेही चालतील." तिने यादीवर बोट ठेवलं. "हा बघा, चारशे सतरा. तीनदा मागणी आली आणि तीनदा तुम्ही 'अपुरा' लिहून परत पाठवलीत. आता त्याचाही नंबर लागला. मजा आहे की नाही?"

नीलाताईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. काच स्वच्छच होती.

चारशे सतरा म्हणजे सुमंत. त्यांचा नवरा.

तळघरात कुणाला नाव कळायचं नाही, फक्त नंबर. नियमच तसा आणि तो चांगला नियम आहे. पण सात वर्षांपूर्वी त्या दिवशी हे एवढं बर्फ पडलं, नंबर लावणारी बाई येऊ शकली नाही, आणि सुमंतरावांच्या कण्यातल्या पाण्याच्या पाच नळ्यांवर नीलाताईंनी स्वतःच चिकट्या लावल्या. खरं तर बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाल्या. बावीस वर्षांतली पहिली चूक ती.

सुमंत सबनीस मोटारकंपनीत इंजिनिअर, मूळचे सोलापूरचे. मिशिगनमध्ये तीस हिवाळे काढले, पण थंडीशी त्यांचं कधी जमलं नाही. घरात दोन स्वेटर, वर कानटोपी. नीलाताईंनी हीटर कमी केला की हे मागून जाऊन वाढवणार. "रिटायर झालो की सोलापूरला जाईन आणि गच्चीवर पापडासारखा पडून राहीन," म्हणायचे. रिटायर व्हायच्या आधीच जीभ जड झाली, मग हात गेले. मोटर न्यूरॉनचाच आजार. डॉक्टरांनी विचारलं, संशोधनाला काही द्याल का? त्यांनी मान हलवली. फॉर्मवर दोन चौकोन होते. 'सगळं वापरा', आणि 'काही कळलं तर घरच्यांना कळवा'. दोन्हीवर खूण करायची होती आणि पेन धरवेना. नीलाताईंनी त्यांचा हात हातात घेऊन दोन्ही खुणा करून घेतल्या.

अस्थी दिरांनी भारतात नेल्या. कपडे दिले, गाडी विकली. चार नळ्या एकेका संशोधनाला गेल्या आणि पाचवी राहिली. उन्हात पडायची स्वप्नं बघणारा माणूस उणे ऐंशीत जाऊन बसला, आणि दाराची किल्ली बायकोच्या गळ्यात!

तेव्हापासून घरात आवाज यायला लागला. हीटरच्या जाळीतून, अगदी त्यांच्या जड जिभेचा. "नीला, गार लागतंय गं." बाई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने माणूस बोलावून जाळ्या साफ करून घेतल्या. तरी आवाज यायचाच. मग ती आठच्या बसने यायला लागली, आल्याबरोबर चार नंबर उघडायची, तिसऱ्या कप्प्यातली नळी बघायची आणि पुटपुटायची, "अहो, आहे मी."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पहिल्या वर्षश्राद्धाला तिने हातमोजा काढला आणि नळी मुठीत धरली.

बावीस वर्षं जगाला शिकवणारी बाई! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. मिनिटभरात पांढरा खडा पाण्यासारखा झाला, अंगठ्याखाली काहीतरी हललं, आणि नीलाताई तिथे उभ्याउभ्या रडल्या. त्या रात्री घरात आवाज आला नाही. मग वाढदिवसाला धरली, संक्रांतीला धरली. पुढे पुढे कारणही लागेना. बाहेर वारा फार सुटला की पुरे.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी ऋताचा फोन आला.

ऋता त्यांची एकुलती एक, एकतीस वर्षांची, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. "आई, देवांग आणि मी बेबीचा विचार करतोय. बट आय नीड टु नो. बाबांचं जे होतं, ते माझ्यात येऊ शकतं का? ब्लड टेस्टमध्ये काही क्लिअर आलं नाही. डॉक्टर म्हणतात बाबांचंच सॅम्पल कुठे असेल तर. देअर इज नथिंग लेफ्ट, राइट?"

"बघते हं," नीलाताई म्हणाल्या. आणि वर्षभर बघतच राहिल्या.

कारण शेवटची नळी गेली की सुमंत गेले. आणि ठेवली तर लेकीचं उत्तर अडकलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, यात विचार कसला करायचा? विचार नव्हताच. रोज आठ वाजून दहा मिनिटं व्हायची, एवढंच.

"देवयानी," त्यांनी चष्मा लावला. "हे दोन थेंबांचं. त्यातून कळतं का, घराण्यातून आलेलं की आपोआप झालेलं?"

"तेच तर कळतं! कण्यातल्या पाण्यातलं एक प्रोटीन बघतात. आनेका म्हणते, पोर्तुगालमधल्या दोन फॅमिलींना कळवलंसुद्धा. इतकी वर्षं यार कुणाला सांगता येत नव्हतं." देवयानीने फॉर्म पुढे सरकवला. "प्रत्येक नळीचं भरायचंय. किती पाणी, कधी घेतलं, आणि हे शेवटचं, आधी किती वेळा वितळलं. तुमच्या सगळ्यांपुढे शून्यच असणार, पटकन होईल."

संध्याकाळपर्यंत दोनशे नळ्यांपुढे शून्य लिहून झालं. चारशे सतरापुढे पेन थांबलं.

शून्य लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तळघरात नीलाताईंचा शब्द शेवटचा. नळी गेली असती, यंत्रात पडली असती, काहीतरी उत्तर आलंच असतं. काय उत्तर? मोडक्या प्रोटीनवरून यंत्र म्हणालं असतं, काही नाही, घराण्यातून आलेलं नाही. आणि त्या शब्दावर ऋता पोर जन्माला घालणार! हीटरमधल्या आवाजाने सहा वर्षांत भिववलं नव्हतं तेवढं या एका विचाराने भिववलं. 

त्यांनी लिहिलं, 'चाळीसच्या वर.'

देवयानी परत आली, वाचलं, आणि हसायलाच लागली. "मावशी, इथे चुकून..."

"चुकून नाही. माझा नवरा आहे तो. मुठीत धरत होते मी त्यांना."

देवयानीचं हसू तोंडावरच राहिलं. ती बर्फाच्या खोक्यावर बसली. "काय केलंत हे, मावशी," एवढंच म्हणाली. मग उठून त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. रागवावं की रडावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर आनेका आली. पन्नाशीची, केस वर बांधलेले, मागे खिडकीत सायकली. तिने नीट ऐकून घेतलं. बाकीच्या सगळ्या नळ्या ती घेणार होती, कारण उघडझापीने पेटीतल्या नळ्या वितळत नाहीत, मुठीत धरली तीच वितळते. चारशे सतरा मात्र घेता येणार नाही, ती म्हणाली. मग म्हणाली, "पाच वेळेपर्यंत असतं तर मी प्रयत्न केला असता. मला फार वाईट वाटतं, मिसेस सबनीस."

पाच. पहिलं वर्षश्राद्ध, वाढदिवस, संक्रांत. नीलाताईंनी मनात मोजलं. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत जमलं असतं.

नाकारलेली नळी शुक्रवारी नष्ट करायची, असा नियम. नीलाताईंनी संचालकांना स्वतःच सगळं लिहून दिलं आणि किल्ली देवयानीकडे सोपवली. मग ऋताला फोन केला. एक शब्दही लपवला नाही. पलीकडून फोन बंद झाला.

गुरुवारी दुपारी ऋता तळघराच्या दारात उभी होती. डेट्रॉइटच्या विमानतळावरून सरळ आलेली, कोटावर बर्फ तसंच. देवयानीने तिची नोंद केली, तिला हातमोजे दिले आणि ती बाजूला झाली.

"यू न्यू," ऋता म्हणाली. "एक वर्ष, आई. मी तुला दर आठवड्याला विचारत होते."

"हो."

"आता मला कधीच कळणार नाही. मेबी आय हॅव इट. मेबी आय डोन्ट. मी काय करू सांग ना!"

 नीलाताईंनी माफीही मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार? नऊ फ्रीझर घुमत राहिले. ऋताने नाक पुसलं, आजूबाजूला पाहिलं. किती गार आहे इथे, असं काहीतरी ती स्वतःशीच बोलली. बोलताना तिने खांदे आवळून घेतले, अगदी सुमंतराव घ्यायचे तसे.

"कोणता?" तिने विचारलं.

देवयानीने चार नंबर उघडला. पांढरी वाफ पायांवर आली. नीलाताईंनी तिसरा कप्पा ओढला आणि नळी काढली, टोपणापाशी चिमटीत धरून.

ऋताने तशीच चिमूट पुढे केली. लहानपणी सुट्टीत आईबरोबर इथे यायची तेव्हा तिनेही तो धडा ऐकला होता.

"नको," नीलाताई म्हणाल्या. "मोजा काढ. मुठीत धर."

ऋताने आईकडे पाहिलं. मग मोजा काढला आणि मूठ मिटली. काही वेळाने तिचा अंगठा नळीवरून हळूच फिरला आणि तिचे डोळे भरले. "ही इज मूव्हिंग," ती म्हणाली.

नीलाताईंनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नळी बाहेर किती वेळ आहे ते मोजायला लागल्या. मग ती आता परत गोठवायची नाही हे लक्षात आलं तसं मोजणं सोडून दिलं.