खुनी सगळ्यांना ठाऊक होता

मित्रांनो, जिच्यातला खुनी साऱ्या वाचनालयाला ठाऊक आहे, अशी मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या एका शिपायाची काळोखी गोष्ट माझ्या पोटात आहे. नागपूरच्या छापखान्यात माझा जन्म झाला आणि आगगाडीने मी रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी वाचनालयात आले.

तिथे विनोदिनीबाई पुस्तकं देत. त्यांची एक रीत होती. पुस्तक परत करताना टेबलापाशी उभं राहून आपलं मत तोंडी सांगायचं.

तेव्हा माझा काय थाट होता! "काळीकुट्ट गोष्ट आहे बाई, एकबी मानूस सरळ नाही," असं कोणी नाक मुरडत सांगे, आणि ते ऐकूनच दुसरा मला मागून घेई. उशाखाली, डब्याच्या पिशवीत, दळणाच्या रांगेत मी फिरत असे.

मग एका शनिवारी, ऐन गर्दीत, अनंतराव मला परत करायला आले. ते कानाने अधू, म्हणून आवाज चढा.

"बाई, मले वाटलं भावजयीनं मारलं, पन शिपायानंच मारलं हो आपल्या भावाले!"

रांगेतल्या कांताबाई कडाडल्या, "काय हो काका! पुढचा नंबर माहा होता ना!"

"आँ? हव, हव, लई चांगली आहे. घेऊन जा!"

कांताबाईंनी मला नेलं नाही. त्यानंतर कोणीच नेलं नाही. खुनी कळल्यावर उरलं काय, असं सगळ्यांना वाटे. शेजारची पुस्तकं जात, येत, बाहेरच्या उन्हाचा वास घेऊन येत. मी फळीवर तशीच उभी. पानं पिवळी पडली. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, रस्त्यांवर गाड्यांची दाटी झाली. वाचनालयात मात्र पंख्याचाच आवाज उरला. शेवटी विनोदिनीबाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलं. सुतळी माझ्या पाठीत रुतली.

तेवढ्यात चौबे कॉलनीतल्या शेवंताबाई आल्या.

"बाई, ते शिपायाचं बुक आहे काय?"

"आहे. पण खुनी कोण, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कोनाले नाही? मले दुसरंच पाहाचं आहे. घरी आल्यावर त्या पोट्ट्याले काय झालं? माहा पोरगा यशदीप सीमेवरून आला, तवापासून बोलतच नाही."

विनोदिनीबाईंनी गठ्ठ्याची गाठ सोडली.

शेवंताबाई चुलीपाशी बसून मला मोठ्याने वाचत. जात्यावरच्या ओवीसारखं एकेक वाक्य ओढत. आतल्या, यशदीपच्या खोलीचं दार लोटलेलंच असे. एका संध्याकाळी दारामागून आवाज आला.

"आई, ज़रा ज़ोर से पढ़ो."

मी त्यांच्या हातातून निसटलेच. त्यांनी मला उचललं, पण उघडलं नाही.

"मंग वाचू बेटा. आधी जेवाले ये."

दार उघडलं.

मला परत करताना त्या विनोदिनीबाईंच्या कानाशी वाकल्या. "साऱ्या बुकात त्या शिपायाले कोनी जेवाले हाक मारली नाही, बाई. एकदाबी नाही."

मित्रांनो, शेवट ठाऊक आहे म्हणून कोणाला फळीवर ठेवून देऊ नका. आणि घरात कोणी गप्प बसलं असेल, तर त्याला हाक मारा. अनंतरावांसारखी, जरा मोठ्याने.